आठ महिन्यांची ओहोटी

ठाण्याच्या खाडीत दिवसातून दोनदा पाणी उतरते. ते उतरले की कांदळवनापुढचा चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्ष्यांचे थवे, शेकाटे, तुतवार त्यावर पसरतात; भरती चढू लागली की सगळे मागे सरकतात. मुंबई-ठाण्याच्या माणसाला हे दृश्य आता ओळखीचे आहे. २०१५ साली तिथे अभयारण्य झाले, २०२२ साली खाडीचे नाव रामसर यादीत गेले, आणि चिखल म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे, हे निदान बोलताना तरी मान्य होऊ लागले. भोपाळला समुद्र नाही. पण ज्याच्या काठाने हे शहर वाढले त्या बड्या तलावालाही ओहोटी आहे. ती वर्षातून एकदाच लागते. सप्टेंबरअखेरीस पाणी उतरायला सुरुवात होते आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत, चांगले आठ महिने, ते उतरतच राहते. या आठ महिन्यांत पाणी जी जमीन सोडून जाते ती तलावाचीच जमीन आहे आणि तलावावरच्या पक्ष्यांचे सगळे वर्षचक्र तिच्यावर बेतलेले आहे. आपले कायदे, नकाशे आणि पक्षीगणना मात्र तलाव म्हणजे ठरावीक कडेत बसलेले पाणी असे धरून चालतात. या एका चुकीमुळे भोपाळ आपल्या तलावाचा सर्वांत जिवंत भाग गमावण्याच्या वाटेवर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तलावाची ठेवण समजून घेतली तर हे का, ते कळेल. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीला मातीचा बांध घालून हे पाणी अडवले. १७९४ साली नवाब हयात मोहम्मद खान यांचे दिवाण छोटे खान यांनी खालच्या अंगाला छोटा तलाव बांधला. १९६५ साली भदभद्याला अकरा दरवाज्यांचे धरण झाले. आज पूर्ण संचय पातळी १६६६.८० फूट धरतात आणि त्या पातळीला बड्या तलावाचा पसारा सुमारे ३६ चौरस किलोमीटर होतो. बांध पूर्वेला आहे आणि नदी पश्चिमेकडून येते, म्हणून शहराकडे पाणी खोल आणि काठ उंच, तर बिसनखेडीसारख्या गावांच्या बाजूला पाणी उथळ आणि जमीन जवळजवळ सपाट. पर्यटक जो तलाव पाहतो तो व्हीआयपी रस्त्यावरचा, राजा भोजाच्या पुतळ्याभोवतीचा, खोल पाण्याचा. पक्षी ज्या तलावावर जगतात तो प्रामुख्याने पश्चिमेचा. १९ ऑगस्ट २००२ रोजी दोन्ही तलाव मिळून, रामसर नोंदीप्रमाणे ३२०१ हेक्टरांची, ‘भोज पाणथळ’ रामसर यादीत गेली ती बऱ्याच अंशी या पश्चिमेच्या बळावर. पुढची जवळजवळ वीस वर्षे मध्य प्रदेशात तो मान दुसऱ्या कुठल्याही पाण्याला नव्हता.

पक्ष्यांचे पंचांग पाण्याच्या उतरण्याला कसे जुळलेले आहे, हे महिन्यांच्या क्रमाने पाहावे. पावसाळ्यात तलाव चढत असतो तेव्हा इथे राहणाऱ्या पक्ष्यांची वीण चालू असते. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो, जांभळ्या पाणकोंबड्या दाट लव्हाळ्यात घरटी करतात, आणि सारसाची जोडी काठाच्या गुडघाभर पाण्यात किंवा भाताच्या खाचरात गवताचा ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडी ठेवते. श्रावण सरतो न सरतो तोच उत्तरेकडचे धोबी आणि चिखलातले छोटे पक्षी उतरू लागतात. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास बदके येतात: चक्रांग, थापट्या, तलवार बदक, लालसरी, शेंडी बदक. संक्रांतीच्या आगेमागे गर्दी शिगेला पोहोचते. होळीनंतर पाण्यावरचे थवे विरळ होत जातात आणि उन्हाळा तापला की उघड्या पडलेल्या रेताड, खडकाळ पट्ट्यांवर टिटवी आणि आर्ली जमिनीवरच अंडी घालतात. वर्षातला एकही महिना असा नाही की ज्यात तलावाचा कुठला तरी पट्टा कुठल्या तरी पक्ष्याच्या कामाचा नाही. फक्त तो पट्टा दर महिन्याला सरकत असतो.

तो का सरकतो, हे पाहायला एक टिलवा पुरेसा आहे. पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा, मुठीत मावेल एवढा हा पक्षी आर्क्टिकच्या टुंड्रात अंडी घालतो आणि थंडीत आपल्याकडे येतो. त्याची चोच जेमतेम दोन सेंटिमीटरची आणि पाय त्याच मापाचे. म्हणजे ज्या चिखलावर पाण्याचा नुसता हात फिरला आहे, तिथेच तो खाऊ शकतो. चिखल सुकून कडक झाला की चोच शिरत नाही, पाणी बोट-दोन बोटे चढले की पाय टेकत नाहीत. त्याच्या मालकीची जागा म्हणजे पाण्याच्या कडेची काही हातांची पट्टी, आणि पाणी रोज थोडे उतरते म्हणून ती पट्टी रोज नवी होते. काल बुडालेला चिखल आज उघडतो, त्यातल्या अळ्या आणि किडे आज हाती लागतात. शेकाट्याचे पाय लांब, तो वीतभर पाण्यात हिंडतो. चमचा आपली चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावीकडून उजवीकडे विळ्यासारखी फिरवतो; त्याला गुडघाभर पाणी हवे. चक्रांग आणि थापट्या बुडी मारत नाहीत, डोके खाली करून शेपूट वर काढतात आणि मान पोहोचेल तेवढेच खातात. लालसरी आणि शेंडी बदके बुडी मारतात, त्यांना खोल पाणी चालते. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतो आणि काठाच्या कोवळ्या गवतावर, पिकावर चरतो. एकाच तलावात हे सगळे नांदतात, कारण उथळापासून खोलापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या तिथे आहेत. वरच्या पायऱ्या काढून घेतल्या तर खोल पाणी उरेल, लालसरी उरतील, वारकरी पक्ष्यांचे काळे थवे उरतील, आणि दुरून पाहणाऱ्याला तलाव भरलेलाच दिसेल.

वरच्या पायऱ्या निघून जातात त्या हिशेबाच्या एका चुकीने. २०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांनुसार गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमचे बांधकाम करता येत नाही. अपवाद फक्त बोटींच्या धक्क्याचा. वाचायला हे नेमके आणि न्याय्य वाटते. पण पातळी ही उंचीची गोष्ट आहे आणि ५० मीटर ही अंतराची. शहराच्या बाजूला, जिथे काठ दहात एक अशा उताराने चढतो, तिथे ५० मीटर म्हणजे पाण्यापासून ५ मीटर उंची. तिथपर्यंत तलाव कधीच पोहोचणार नाही. पश्चिमेला सपाटी आहे. तिथला उतार हजारात एक धरला तर ५० मीटर म्हणजे अवघी ५ सेंटिमीटर उंची. आणि दहा वर्षांत तीन वर्षे पाऊस कमी होऊन पाणी तीन-साडेतीन फूट खालीच थांबले, तर सरासरी फूटभर उतरते. हजारात एक उतारावर फूटभर उतरलेली रेषा तीनशे मीटर आत जाते. तिथून ५० मीटर मोजले की संरक्षित पट्टा संपतो तोही भरलेल्या तलावाच्या पोटातच, कडेपासून अडीचशे मीटर आत! शहरासाठी ५० आणि ग्रामीण भागासाठी २५० मीटर असे आकडे भोपाळच्या चर्चेत वर्षानुवर्षे आहेत. ग्रामीण काठाला जास्त रुंदी द्यावी ही समज योग्यच आहे, पण त्याच सपाटीवर २५० मीटर म्हणजे सुद्धा वीतभर उंची. सपाट काठाची सीमा मीटरांच्या फितीने मोजणे मुळातच चूक आहे. ती उंचीने ठरवली पाहिजे: पूर्ण संचय पातळी, तिच्या वर निदान दोन फूट, आणि त्या उंचीची समोच्च रेषा जिथून जाईल तिथून जाऊ द्यावी, मग ती कुठे काठापासून दहा मीटरवर असो की सहाशे मीटरवर.

यावर पहिला आक्षेप कायद्याचाच येतो. हा तलाव माणसाने बांधलेला आहे आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या जलाशयांना पाणथळीच्या व्याख्येतून वगळले आहे, असे सांगितले जाते. व्याख्येतली सूट खरी आहे. पण रामसर यादीतल्या पाणथळींना नियम लागू आहेत असे त्याच नियमांत वेगळे म्हटले आहे, त्यामुळे भोज पाणथळीला ती पळवाट उपलब्ध नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांनी मात्र या सुटीकडे आपल्या अंगाने पाहावे. तिकडे धरणाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीला गाळपेर म्हणतात आणि पाटबंधारे खाते ती एका हंगामाच्या कसणुकीसाठी देते. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी उतरतात ते याच ओसरत्या पाण्यावर. नांदूर मधमेश्वर रामसर यादीत गेल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले, महाराष्ट्रातले पहिले, म्हणून ते नियमांच्या कक्षेत आले. सिंचनासाठी बांधलेली बाकीची धरणे या व्याख्येबाहेर आहेत. ‘गाळपेर’ या शब्दातच एक जुने शहाणपण आहे: जमीन धरणाची, वापर हंगामाचा, आणि पावसाळ्यात ती पाण्याला परत. भोपाळच्या पश्चिम काठासाठी मी जे मागतो आहे ते यापेक्षा वेगळे नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. हा तलाव शहराच्या मोठ्या हिश्श्याची तहान भागवतो. माणसांच्या पाण्यापुढे पक्ष्यांचे काय घेऊन बसायचे? कोलार आणि नर्मदेचे पाणी आले तरी बडा तलाव आजही भोपाळच्या नळांना जोडलेला आहे, आणि पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क असावा यात दुमत नाही. पण या वादात पक्ष्यांची बाजू पाणी उपसण्याच्या विरोधात नाहीच. पाणी उपसल्याने, बाष्प होऊन गेल्याने पातळी हळूहळू उतरते, आणि पक्ष्यांना हवे असते तेच. त्यांचे नुकसान होते ते भराव टाकल्याने, कुंपणभिंतींनी, सांडपाण्याने. आणि नेमक्या याच गोष्टी पिण्याच्या पाण्याच्याही वैरी आहेत. कोलांस आणि बाकीचे नाले मिळून ३६१ चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून पावसाळ्यात गढूळ पाणी आणतात. पश्चिमेच्या उथळ, गवताळ पसाऱ्यात त्याचा वेग मोडतो, गाळ तिथे बसतो, शेतातून आलेली खते लव्हाळी आणि पाणवनस्पती शोषून घेतात, आणि मग ते पाणी खोल भागाकडे सरकते. हा पसारा बांधकामाखाली गेला तर तोच गाळ पुढे जाऊन खोल पाण्यात बसेल. २००९ च्या उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा भोपाळकरांनी श्रमदानाने गाळ उपसला. शहराला आपल्या तलावाची चाड आहे याचा तो पुरावा होता. तो गाळ वाटेतच अडवणारी जागा वाचवणे हे त्याच कामाचा पुढचा भाग आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या पाण्यावर क्रूझ आणि यांत्रिक बोटी बंद करण्याचा आदेश दिला. पिण्याचे पाणी आणि पाणथळ हे दोन्ही प्रश्न त्याने एकत्र घेतले, आणि ते बरोबर झाले.

शेतकरी, कोळी आणि शिंगाडा लावणारे यांचे काय, हा प्रश्न खरोखर विचारायला हवा, कारण संरक्षणाच्या नावाखाली पहिला दंडुका नेहमी त्यांच्यावरच पडतो. काठावर पाणी ओसरेल तसा गहू पेरणारा शेतकरी पक्ष्यांचा शत्रू नाही. सारस तर माणसाच्या शेतीला धरूनच राहतो. महाराष्ट्रात गोंदिया, भंडारा आणि पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट इथे तो जो काही टिकला आहे तो भातशेतीच्या आणि मालगुजारी तलावांच्या आधाराने, आणि अंड्यांभोवती धान न कापणाऱ्या शेतकऱ्यांच्या समजूतदारपणामुळे. पेरणी हंगामी असते, पाणी आले की ती जागा सोडते. भिंत सोडत नाही. फरक कसणारा आणि भराव टाकणारा यांच्यातला आहे आणि नियमांनी तोच फरक केला पाहिजे: ओसरत्या जमिनीवर शेती चालू द्यावी, रासायनिक खते आणि कीटकनाशके तिथे नकोत, आणि त्यामुळे उत्पन्नात येणारी तूट सरकारने भरून द्यावी. जो शेतकरी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी खत टाकत नाही, त्याला शहराने मोबदला देणे हा उपकार नव्हे, देणे आहे.

आणखी एक युक्तिवाद शहाण्यासुरत्या माणसांकडूनही ऐकू येतो. पक्षी जगभरच कमी होत आहेत, त्यांची वीण सैबेरियात, मंगोलियात, तिबेटात. तिकडे काही बिघडले तर भोपाळच्या काठाने काय फरक पडणार? यातला पहिला भाग खरा आहे. मध्य आशियाई उड्डाणमार्ग ३० देशांतून जातो आणि भारताने २०१८ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा केला तो यामुळेच. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने ९४२ जाती तपासून १७८ जातींना सर्वाधिक काळजीच्या गटात ठेवले. पण मुक्कामाची जागा महत्त्वाची नाही, हा निष्कर्ष यातून निघत नाही. भरतपूरचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तिथे २००४ मध्ये पांचना धरणाचे पाणी सोडले गेले नाही, केवलादेव कोरडे राहिले आणि पक्ष्यांनी पाठ फिरवली. त्या एका वर्षात सैबेरिया बदलला नव्हता, भरतपूरचे पाणी बदलले होते. सैबेरियन क्रौंच तिथे शेवटचा दिसला तो २००१-०२ च्या हिवाळ्यात. त्याच्या बाबतीत वाटेवरची शिकार आणि पाणथळींचा ऱ्हास, दोन्ही कारणे होती. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी अंगावरची चरबी खर्चून आलेला असतो. परतीच्या प्रवासासाठी ती त्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्याच चिखलातून पुन्हा साठवायची असते. मंगोलियातल्या पाणथळीवर आपली सत्ता चालत नाही. बिसनखेडीच्या काठावर चालते.

आपण हे वेळेत ओळखू का, हे मोजणीवर अवलंबून आहे, आणि मोजणीचीही पद्धत बदलायला हवी. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तिचे मोल मोठे आहे: सगळ्या देशांत एकाच सुमारास मोजले म्हणून आकड्यांची तुलना करता येते. पण जानेवारीचा आकडा म्हणजे तलावाचे आरोग्य, असे समजणे धोक्याचे आहे. जानेवारीत मोजले जातात ते थंडीचे पाहुणे. पावसाळ्यातले सारस आणि कमळपक्षी यांची वीण, सप्टेंबरमध्ये चार दिवस टेकून दक्षिणेला जाणारे चिखलपक्षी, मे महिन्यातली आर्लीची अंडी यांतले काहीच तिच्यात येत नाही. शिवाय ज्या वर्षी पाऊस भरपूर त्या वर्षी जानेवारीत पाणी चढलेले, चिखल कमी, आणि पक्षी आजूबाजूच्या भरलेल्या डबक्यांत विखुरलेले. ज्या वर्षी दुष्काळ त्या वर्षी बाकीचे पाणी आटून पक्षी बड्या तलावावर गोळा झालेले. म्हणजे आकडा वाढला तो संकटाचा असू शकतो आणि घटला तो सुकाळाचा. पाण्याची पातळी शेजारी लिहिल्याशिवाय पक्ष्यांच्या आकड्याला अर्थ नाही. तलावाची पातळी सरकारी दप्तरात नियमित नोंदली जाते. भोपाळमध्ये पक्षी ओळखणारी, पहाटे दुर्बीण घेऊन निघणारी माणसेही भरपूर आहेत. दर महिन्याला त्याच ठिकाणांहून मोजणी आणि शेजारी त्या दिवसाची पातळी, एवढे पाच वर्षे केले तर किती फुटांना कुठला पट्टा कुणाला लागतो याचा नकाशाच हाती येईल. न्यायालयापुढे आणि नगररचना खात्यापुढे असा नकाशा हळहळीपेक्षा जास्त बोलेल.

२०२४ च्या सुरुवातीला देशाने ‘पाणथळ शहर’ म्हणून इंदूर, उदयपूर आणि भोपाळ ही तीन नावे रामसर सचिवालयाकडे पाठवली. जानेवारी २०२५ मध्ये मान्यता इंदूर आणि उदयपूरला मिळाली. भोपाळचे नाव त्यात नव्हते. राज्याची पहिली रामसर जागा ज्या शहरात आहे त्याने हे मनाला लावून घ्यावे. भोपाळमधल्या मराठी मंडळींनीही यात पुढे यावे. आपण या शहरात पिढ्यान्‌पिढ्या याच तलावाचे पाणी पीत आलो आहोत. मागणी साधी आहे. भदभद्याचे दरवाजे उघडतात तेव्हा १६६६.८० हा आकडा वर्तमानपत्रांत छापून येतो. त्या दिवशी तलावभर पाण्याची कड म्हणजेच ती समोच्च रेषा असते. ती शोधायला मोजणीयंत्रही लागत नाही. पुढच्या वेळी दरवाजे उघडतील त्याच आठवड्यात पश्चिम काठावर त्या कडेने दगडी खांब रोवावेत, तिथून दोन फूट उंचीची दुसरी रेषा आखावी, आणि दोन्ही रेषा असलेला नकाशा काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा. ऑक्टोबर उजाडला की पाणी ती खूण सोडून खाली जाते आणि मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट पाहावी लागते.